विक्री नेमकी झाली कुठे?

समजा, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात बंदुकांचं एक छोटं दुकान आहे. दुकानदाराने एक जुनी रायफल इंटरनेटवरच्या लिलावात मांडली. तिकडे हजार-दीड हजार मैलांवर, कॅलिफोर्नियात, एक जण रात्री जेवण उरकून संगणकासमोर बसला आणि मुदत संपता संपता शेवटची बोली त्याची ठरली. लिलावाचं संकेतस्थळ चालवणारी कंपनी तिसऱ्याच राज्यात, जॉर्जियात. आता प्रश्न असा, की ही विक्री झाली कुठे? टेक्सासात, कॅलिफोर्नियात, की जॉर्जियात? आणि तिच्यावरचा विक्रीकर कुणी गोळा करायचा?

तुम्ही म्हणाल, हे एखाद्या सी.ए.ला विचारा, कवीला कशाला? खरं आहे. पण बी.ए.ला इतिहास घेतला होता, ती खोड जात नाही. आणि या एका कोरड्या प्रश्नामागे एका राष्ट्राध्यक्षाचा खून आहे, कपड्यांचा एक कॅटलॉग आहे आणि एकमेकांकडे पाठ करून धावलेले दोन कायदे आहेत. त्यांची गोष्ट सांगावीशी वाटते.

अमेरिकेत विक्रीकर हा केंद्राचा नाही, राज्यांचा. १९२१ साली वेस्ट व्हर्जिनिया राज्याने एकूण विक्रीवर कर बसवला आणि मग १९२९ नंतरच्या महामंदीत राज्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या पडल्या तेव्हा एकामागून एक राज्यं या वाटेने गेली. आज ५० पैकी ४५ राज्यांत राज्यव्यापी विक्रीकर आहे. अलास्का, डेलावेअर, माँटाना, न्यू हॅम्पशायर आणि ओरेगन या पाच राज्यांत तो नाही. आता शेजारच्या राज्यात कर नसेल किंवा कमी असेल तर माणूस काय करील? तिकडे जाऊन खरेदी करील. सीमेवरचा माणूस जगात कुठलाही असो, एवढं गणित त्याला येतं.

त्यावर राज्यांनी तोडगा काढला तो ‘वापरकर’. वस्तू बाहेरून आणलीस ना, मग इथे वापरतोस म्हणून तेवढाच कर भर. वॉशिंग्टन राज्यात १९३५ साली असा कर आला. तिथे कोलंबिया नदीवर ग्रँड कूली धरणाचं काम चाललं होतं. ठेकेदाराने यंत्रं परराज्यातून आणली होती. त्याच्याकडे वापरकर मागितल्यावर तो न्यायालयात गेला आणि १९३७ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने कौल दिला. कायदा पक्का झाला. पण ठेकेदाराचं यंत्र हत्तीएवढं, ते दिसतं. सामान्य माणसाने परराज्यातून मागवलेलं पार्सल कुणाला दिसणार? कर कागदावर राहिला. भरणारे भरत, पण ते थोडे.

पार्सलांचा धंदा मात्र जुना होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिअर्स रोबकसारख्या कंपन्यांचे जाडजूड कॅटलॉग खेडोपाडी जात. शिवणयंत्र, घड्याळ, नांगर, आणि त्याच पानांच्या आसपास बंदुका आणि पिस्तुलंही. १९२७ साली काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, खिशात लपवता येतील अशी हत्यारं सरकारी टपालाने पाठवायला बंदी केली. पण ही बंदी टपालखात्यापुरतीच. खासगी पार्सल कंपन्यांना ती लागू नव्हती आणि लांब नळीच्या रायफलीला तर टपालाचीही मनाई नव्हती.

हे भोक किती मोठं होतं ते १९६३ साली कळलं. त्या वर्षी फेब्रुवारीच्या एका मासिकात शिकागोच्या ‘क्लाइन्स’ या दुकानाची जाहिरात आली. टेक्सासमधल्या डॅलस शहरातून एका तरुणाने तिचं कुपन कापून पाठवलं. नाव दिलं होतं ए. हायडेल, पत्ता टपालपेटीचा. दुर्बीण बसवलेली इटालियन बनावटीची रायफल १९ डॉलर ९५ सेंट, टपालखर्च दीड डॉलर. मनीऑर्डर गेली २१ डॉलर ४५ सेंटची. याच नावावर लॉस एंजलिसच्या एका कंपनीकडून २९ डॉलर ९५ सेंटचं रिव्हॉल्वरही मागवलेलं होतं. ते सरकारी टपालाने येऊ शकत नव्हतं, म्हणून खासगी पार्सल कंपनीने आलं. दोन्ही पार्सलं २० मार्च १९६३ या एकाच दिवशी रवाना झाली. तरुणाचं खरं नाव ली हार्वे ओस्वाल्ड. २२ नोव्हेंबरला डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी मारले गेले. चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाच्या अहवालात हे सगळं सेंटासकट नोंदलेलं आहे.

ती २१ डॉलर ४५ सेंटची बेरीज पुन्हा एकदा पाहा. रायफल आणि टपालखर्च मिळून ती पुरी होते. टेक्सासमध्ये दोन वर्षं आधी, १९६१ साली, विक्रीकर सुरू झाला होता. पण त्या मनीऑर्डरीत कराचा एक सेंट नव्हता. आणि ए. हायडेल हा कोण माणूस, हे विचारणारंही मध्ये कुणी नव्हतं. कुपन, मनीऑर्डर, टपालपेटी. माल मागवणारा आणि माल पाठवणारा एकमेकांना न बघताच मोकळे झाले.

यानंतर जे घडलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत विलक्षण वाटतं. जेमतेम दीड वर्षाच्या अंतराने त्या देशाने ‘लांबून केलेली विक्री’ या एकाच प्रश्नाला दोन उलट उत्तरं दिली.

पहिलं उत्तर कराचं. मिसुरी राज्यातल्या नॉर्थ कॅन्सस सिटीत ‘नॅशनल बेलास हेस’ नावाची टपालाने कपडे आणि घरगुती माल विकणारी कंपनी होती. शेजारच्या इलिनॉयमध्ये तिचं दुकान नाही, गोदाम नाही, विक्रेता नाही. नुसते कॅटलॉग जात आणि मागण्या येत. इलिनॉयने म्हटलं, आमच्या गिऱ्हाइकांकडून आमचा वापरकर तुम्ही गोळा करून द्या. मे १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ज्या विक्रेत्याचं राज्यात पाऊलच नाही त्याच्यावर हे ओझं टाकता येणार नाही. देशात कर लावणाऱ्या राज्यं, जिल्हे, शहरं अशा असंख्य सत्ता, प्रत्येकीचा दर वेगळा, नियम वेगळे. एका कॅटलॉगवाल्याने हे सांभाळायचं कसं? युक्तिवाद त्या काळाला धरून होता. संगणक कपाटाएवढे होते.

दुसरं उत्तर बंदुकीचं. कनेक्टिकटचे सिनेटर थॉमस डॉड टपालाने होणाऱ्या बंदूकविक्रीवर निर्बंध आणण्यासाठी केनेडींच्या खुनाच्या आधीपासून झटत होते. पाच वर्षं ते अडत राहिलं. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग गेले, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी गेले. २२ ऑक्टोबर १९६८ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. सामान्य नागरिकाला परराज्यातून थेट पार्सलने बंदूक मागवायची आता सोय उरली नाही. बंदूक आधी जायची ती गिऱ्हाइकाच्या राज्यातल्या केंद्राचा परवाना असलेल्या दुकानदाराकडे. त्याने ती आपल्या वहीत चढवायची, गिऱ्हाइकाने समोर उभं राहून अर्ज भरायचा, ओळख पटवायची, मग हाती द्यायची. १९९३ च्या ब्रेडी कायद्यामुळे पुढे १९९८ च्या नोव्हेंबरपासून त्याच काउंटरवर गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी ताबडतोब तपासण्याची सोयही आली.

म्हणजे पाहा, कराचा कायदा म्हणाला, विक्रेत्याचं पाऊल इथे नाही, तेव्हा विचारू नका. बंदुकीचा कायदा म्हणाला, पाऊल नसेल तर कुणाचं तरी पाऊल मध्ये आणा. माझं मत विचाराल तर १९६८ चं उत्तर बरोबर होतं आणि करवाल्यांना तिथे पोचायला अर्धशतक लागलं.

या प्रश्नाचं कोडं आपल्याकडेही पडून गेलं आहे, तेही मुंबईतच. तेव्हाच्या मुंबई राज्याच्या १९५२ च्या विक्रीकर कायद्यावरून खटला झाला आणि १९५३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की जिथे माल वापरासाठी पोचता होतो ते राज्य कर घेऊ शकतं. झालं! प्रत्येक राज्य दुसऱ्या राज्यातल्या व्यापाऱ्याला नोटिसा धाडू लागलं. कलकत्त्याच्या लस बनवणाऱ्या एका कंपनीकडे बिहारने कर मागितला आणि १९५५ साली त्याच न्यायालयाने चारास तीन मतांनी आधीचा निकाल फिरवला. १९५६ साली घटनादुरुस्ती होऊन केंद्रीय विक्रीकराचा कायदा आला. मिरजेला आमच्या अब्बांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. माल बेळगाव-हुबळीकडून यायचा आणि तिकडचा व्यापारी ‘सी फॉर्म’साठी तगादा लावायचा. तो गुलाबी-पांढरा कागद दिला की कराचा दर सवलतीचा, नाही दिला की पुरा. लहानपणी मला वाटायचं, सीमा म्हणजे कागवाडच्या अलीकडची ती कमान. अब्बांच्या लेखी सीमा म्हणजे सी फॉर्म. २०१७ च्या जीएसटीने तो जवळजवळ इतिहासजमा केला आणि कर पुन्हा माल जिथे पोचतो त्या राज्याकडे वळला. असो.

अमेरिकेत १९९२ साली हाच वाद पुन्हा वर आला. ‘क्विल’ नावाची कंपनी नॉर्थ डकोटात कार्यालयीन सामान टपालाने विकत होती. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा जुनंच सांगितलं, पाऊल हवं. पण काँग्रेसला वाटलं तर तिने कायदा करावा, अशी पुस्ती जोडली. काँग्रेसने तो केला नाही. आणि नेमक्या त्याच दशकात इंटरनेट आलं.

१९९५ साली ईबे सुरू झालं. त्यावर बंदुकाही विकल्या जाऊ लागल्या. १९९९ च्या सुरुवातीला कंपनीने बंदुका आणि काडतुसं आपल्या लिलावातून काढून टाकली. पण बाजार एका गल्लीतून उठवला तर दुसऱ्या गल्लीत बसतो. त्याच वर्षी जॉर्जियात ‘गनब्रोकर’ हे फक्त या व्यवहाराचं संकेतस्थळ सुरू झालं आणि वाढत गेलं.

आता तुम्हाला वाटेल, इंटरनेटवर बोली जिंकली की बंदूक घरी येते. तसं नाही. १९६८ चा कायदा तिथेही लागू आहे. परराज्यातला माल तुमच्या गावच्या परवानाधारक दुकानदाराकडेच येतो. तो थोडी फी घेऊन वही भरतो, अर्ज भरून घेतो, तपासणी करतो. आपल्याकडे आधी परवाना, मग बंदूक. तिथे आधी बोली, मग तपासणी. तपासणीत नापास झालात तर बंदूक काउंटरपलीकडेच राहते.

आणि इथेच करवाल्यांची नजर त्या दुकानदारावर गेली. पुस्तक, बूट, कॅमेरा असं काहीही परराज्यातून आलं तर ते थेट घरी जातं. कर अधिकारी कुणाला धरणार? बंदूक ही बहुधा एकमेव अशी चीज, की ती दुरून विकली तरी गिऱ्हाइकाच्या गावातल्या एका नोंदणीकृत माणसाच्या हातून जाते. त्याच्या वहीत तारीख, नाव, पत्ता, क्रमांक सगळं असतं. कॅलिफोर्नियाच्या विक्रीकर कायद्यात आधीपासून एक तरतूद होती: राज्यात नोंदणी नसलेल्या बाहेरच्या व्यापाऱ्याचा माल जो इथे गिऱ्हाइकाच्या हाती देतो, त्यालाच किरकोळ विक्रेता समजावं. त्या न्यायाने लिलावात जिंकलेल्या रायफलीवरचा कर गावातल्या दुकानदाराने वसूल करून भरायचा. बिचाऱ्याने ना ती रायफल विकली, ना किमतीतला पैसा पाहिला. फी मिळाली चिल्लर आणि कराची जबाबदारी पुऱ्या किमतीवर. दुसऱ्या राज्यांत मात्र दुकानदार नुसता हस्तांतर करणारा, वापरकर गिऱ्हाइकाने आपल्या विवरणपत्रात प्रामाणिकपणे लिहावा अशी अपेक्षा. अपेक्षेचं काय होतं, ते सांगायला नको.

ओस्वाल्डसारख्याला अडवण्यासाठी जो माणूस मध्ये उभा केला, त्याच्याच गळ्यात तीस-पस्तीस वर्षांनी कराची थैली अडकवली गेली.

२१ जून २०१८ ला चित्र बदललं. साउथ डकोटाने कायदा केला होता, की जो बाहेरचा विक्रेता वर्षाला एक लाख डॉलरपेक्षा जास्त माल किंवा किमान २०० वेगळे व्यवहार आमच्या राज्यात करील त्याने कर गोळा करावा, दुकान असो वा नसो. इंटरनेटवर घरसामान विकणाऱ्या ‘वेफेअर’ आणि इतर कंपन्या विरोधात उभ्या राहिल्या. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिलेल्या निकालात पाच विरुद्ध चार मतांनी १९६७ आणि १९९२ चे दोन्ही निकाल चुकीचे ठरवले गेले. नुसतं पाऊल नाही म्हणून सुटका नाही.

मग राज्यांनी पुढचं पाऊल टाकलं. छोट्या छोट्या विक्रेत्यांच्या मागे कुठे धावायचं? ज्या मांडवात बाजार भरतो त्या मांडववाल्यालाच विक्रेता समजा. लिलावाचं संकेतस्थळ बोली घेतं, पैसेही त्याच्या व्यवस्थेतून जातात, तेव्हा कर त्यानेच कापून घ्यावा. विक्रीकर असलेल्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. सर्वांत शेवटी ते लागू झाले मिसुरीत, १ जानेवारी २०२३ पासून. हो, तेच मिसुरी, जिथून बेलास हेसचे कॅटलॉग निघत.

आता यातून एक अवघड गोष्ट पुढे येते. केंद्राचा कायदा परराज्यातल्या विक्रीला आणि दुकानदाराच्या विक्रीला लागू आहे. पण एकाच राज्यातल्या दोन साध्या नागरिकांनी आपसात बंदुकीचा व्यवहार केला, तर केंद्राच्या कायद्याने मध्ये दुकानदार लागत नाही, तपासणीही लागत नाही. काही राज्यांनी स्वतःच्या कायद्याने ती सक्तीची केली आहे, पुष्कळ राज्यांनी नाही. पूर्वी अशा व्यवहारात कर बुडायचा आणि तपासणीही हुकायची. आता मांडववाल्याच्या कायद्यामुळे असंही घडू शकतं, की संकेतस्थळावर जुळलेल्या व्यवहारात कर चोख कापला जातो आणि घेणारा कोण, हे मात्र कुणीच विचारत नाही. १९६७-६८ मध्ये बंदुकीचा कायदा पुढे होता आणि कराचा मागे. या एका कोपऱ्यात आता कर पुढे निघून गेला आहे. पैशाचा माग ठेवणारं यंत्र माणसाचा मागही ठेवू शकतं. ठेवायचं की नाही, यावर तिथे आजही कडाक्याचं भांडण आहे आणि ते नुसतं वकिलांचं नाही. दोन्ही बाजूंना घरातली माणसं गमावलेले लोक आहेत.

बंदुकीवरचा कर हा नुसता महसुलाचा विषय तिथे कधीच नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, बंदुका-काडतुसांवर कारखान्यातून निघतानाच केंद्राचा १० टक्के कर बसला. आज पिस्तुलांवर १० आणि बाकीच्या बंदुकांवर व काडतुसांवर ११ टक्के आहे. १९३७ पासून तो पैसा वन्यजीवांच्या रक्षणाकडे जातो. हरणं मारणाऱ्यांच्या खिशातून हरणांची कुरणं राखली गेली. १९३४ साली गुंडांच्या टोळीयुद्धांना आवर घालायला मशीनगन आणि सायलेन्सरच्या हस्तांतरावर २०० डॉलर कर बसवला. तेव्हा एवढ्यात जवळपास एक टॉमी-गन यायची. ती रक्कम कुणी वाढवली नाही आणि महागाईने तिचा धाक खाऊन टाकला. २०२५ च्या कायद्याने तर १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरचा आणि आखूड नळीच्या बंदुकांवरचा हा कर शून्य केला. मशीनगनवर २०० डॉलर तसेच आहेत.

हक्कावर कर लावता येतो का, हाही वाद आहे. वर्तमानपत्राच्या वाचकांना एक खटला आवडेल. मिनेसोटा राज्याने कागद आणि शाईवर खास वापरकर लावला होता. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सगळ्यांना लागतो तो कर वर्तमानपत्रालाही लागेल, पण एकट्या वर्तमानपत्राला वेगळा काढून कर लावता येणार नाही. बंदूक बाळगण्याचा हक्क मानणारे आता याच निकालाकडे बोट दाखवतात. सर्वसाधारण विक्रीकराला त्यांचा आक्षेप टिकणं कठीण आहे; खरी लढाई खास करांवर आहे. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२४ पासून बंदुका आणि काडतुसांच्या विक्रीवर वेगळा ११ टक्के कर बसवला, पैसा हिंसाचार रोखण्याच्या कामांसाठी. कोलोरॅडोत लोकांनी मतदान करून साडेसहा टक्क्यांचा कर स्वीकारला, तो १ एप्रिल २०२५ पासून लागू झाला. त्याच वर्षी फ्लोरिडाने सप्टेंबरपासून डिसेंबरअखेर बंदुकांवरचा विक्रीकर माफ केला होता. आणि वेस्ट व्हर्जिनियाने, जिथे १९२१ साली विक्रीवरच्या कराला सुरुवात झाली, बरोबर शंभर वर्षांनी, १ जुलै २०२१ पासून, लहान हत्यारं आणि काडतुसांवरचा विक्रीकर उठवला. एकाच लिलावात, एकाच बोलीला जिंकलेली एकच रायफल. तिची पावती ती कुठल्या गावच्या काउंटरवर उतरते त्यावर ठरते.